निनाद, तो वरचा सूर मीराला दे

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

काल सुलूमावशीचा फोन आला. तुझा आवाज गेलाय, डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, स्वरतंतूंना सूज आहे, मौन सांगितलंय. आणि हे सगळं क्वीन या इंग्लिश बँडच्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ गाण्याचे सगळे आवाज एकट्यानं भरण्यापायी. मला का नाही सांगितलंस, ते विचारत नाही. घशाबद्दलही बोलणार नाही. गाण्याबद्दल लिहिते, त्यात तरी माझं ऐकशील.

ते गाणं एका गळ्याचं नाहीच मुळी. १९७५च्या ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत काम सुरू झालं. मधल्या ऑपेराच्या भागात गायक फ्रेडी मर्क्युरी मधल्या पट्टीत, गिटारवाला ब्रायन मे खाली आणि ड्रमवाला रॉजर टेलर वर, अशी वाटणी होती. तिघांनी मिळून एक सूर म्हणायचा, तोच पुन्हा म्हणायचा, मग पुढचा. टेप २४ ट्रॅकची, म्हणजे शेजारी शेजारी २४ वेगळी ध्वनिमुद्रणं मावणारी. ती भरली की बरेच ट्रॅक एकत्र करून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा गायचं. उतरवताना दर वेळी खरखर वाढते, आवाजाची धार बोथट होते, आणि एकदा उतरवलं की आतला एखादाच आवाज कमीजास्त करता येत नाही. म्हणून रॉय थॉमस बेकरसारखा निर्माता लागतो. फ्रेडी गाण्यातल्या ‘गॅलिलिओ’च्या हाका वाढवत गेला आणि टेप यंत्राच्या हेडवरून इतकी फिरली, की तिच्यावरचा ऑक्साइडचा थर झडून आरपार दिसायला लागलं. तुझ्या लॅपटॉपवर झडायला काही नाही, हीच अडचण आहे. शंभरावा टेकही पहिल्याइतकाच स्वच्छ, मग थांबायचं कशाला? झडतो तो घसा.

बघ, आलेच घशावर.

तू पाठवलेला तुकडा मी हेडफोनवर ऐकला. सुरात आहेस, अगदी चोख, पण समुदाय वाटत नाही. कारण साधं आहे: एकाच गळ्याचा पोत आणि तेच कंपन वीस वेळा रचलं, की आवाज जाड होतो, रुंद होत नाही. दोन ठिकाणी तू तोच टेक कॉपी करून चिकटवलायस, हो ना? हुबेहूब प्रत फक्त सहा डेसिबलनं मोठी होते. किंचित सरकवलीस तर पोकळ, डब्यातून आल्यासारखी ऐकू येते. तीन माणसं घे. प्रत्येक सूर तिघांनी दोनदा-तीनदा खरोखर गायचा, दर फेरीला माइकपासूनचं अंतर बदलायचं. ओळीच्या शेवटचं व्यंजन एकानंच उच्चारायचं, बाकीच्यांनी स्वरावरच सोडायचं, नाहीतर त-त-त असा पाऊस पडतो. आधी खालचे आवाज भर, कारण वरच्यांना टेकायला जमीन लागते. आणि अर्धा तास झाला की गप्प बसायचं. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्यानं ताण कमी होतो हा गैरसमज आहे. खाकरायचं नाही, पाण्याचा घोट घ्यायचा.

फार शिकवतेय का? रागावू नकोस. आयुष्य ब्लेडनं टेप कापून जोडण्यात गेलं, सवय जात नाही. गणपतीच्या आरतीत सगळे एका सुरात, आणि तू सात वर्षांचा वरचाच काहीतरी सूर धरून उभा. अण्णा डोळे वटारायचे. मला मात्र तेव्हाच कळलं होतं. हे तुला कधी सांगितलं नाही, बाबांनाच सांगत बसले.

व्हिडिओचं म्हणशील तर तो आत्ताच कर. क्वीनचा व्हिडिओ १० नोव्हेंबर १९७५ला लंडनजवळच्या एल्स्ट्रीला, ब्रूस गोवर्सच्या दिग्दर्शनाखाली, काही तासांत आटोपला होता, आणि झालेल्या रेकॉर्डवर फक्त ओठ हलवून. बास वाजवणारा जॉन डीकन तर रेकॉर्डवर गायलेलाच नाही, तरी चौघांत उभा आहे. म्हणजे आवाज बंद असताना जमण्यासारखं हेच काम! मागे काळं कापड, चेहऱ्यांपासून चांगलं सहा-सात फूट लांब, म्हणजे उजेड त्यावर सांडणार नाही. अंगात काळे कपडे, दिवा एकच, वरून आणि थोडा पुढे, डोळ्यांच्या खोबणीत सावली पडेल इतपतच. ती ठेवण छायाचित्रकार मिक रॉकनं त्यांच्या ‘क्वीन टू’ अल्बमच्या कव्हरसाठी काढलेल्या फोटोवरून आलीय. एकाच चेहऱ्याचे अनेक चेहरे दिसतात ते लेन्सपुढच्या प्रिझममुळे. आणि चेहरा मागे मागे लांबत जातो ती सरळ फीडबॅकची करामत: कॅमेऱ्याचं चित्र मॉनिटरवर आणि कॅमेरा त्याच मॉनिटरकडे. मोबाइल केबलनं टीव्हीला जोड, एक्स्पोजर लॉक कर, टीव्हीचा उजेड कमी ठेव. नाहीतर दोन सेकंदांत सगळं पांढरं होतं.

अर्थ विचारला होतास. फ्रेडीनं तो कधी उलगडून सांगितला नाही. कुणी म्हणतं त्यानं आपलंच जुनं रूप मारलं, कुणी म्हणतं सगळा यमकांचा खेळ. झांझिबारहून लहानपणीच पाचगणीच्या वसतिगृहात आलेला पारशी मुलगा, ‘बिस्मिल्ला’ आणि इटालियन विदूषक एकाच तोंडी घालतो, याचं मला नवल वाटत नाही. मला दिसतं ते एवढंच, की मुलगा आईला सांगतो, माझ्या हातून खून झाला, मी उद्या परत आलो नाही तरी तुझं चालू ठेव. पुढे त्याला सोडा-सोडू नका असा गदारोळ होतो, गिटार येते, गाँगच्या ठोक्यावर संपतं. त्या आईला सबंध गाण्यात एक ओळ नाही. तिनं काय म्हटलं असतं? गरम पाणी पी म्हटलं असतं.

पुन्हा तेच. क्षमस्व.

गुरुवारी तपासणी आहे ना, मावशी बरोबर येईल, नाही म्हणू नकोस. फोन करू नकोस, लिहून कळव.

तुझी
आई

ता. क. ऑपेराच्या शेवटचा तो वरचा बी फ्लॅट सूर टेलरचा होता, फ्रेडीचा नव्हे. मीराला तो सहज लागतो, मी ऐकलंय. तिला दे.