डिकिन्सनच्या पत्रांतले डॅश कुठे गेले?

संपादक महोदय,

स. न.

रविवार पुरवणीत अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन आणि तिने आपल्या कविता ज्यांना दाखवल्या ते लेखक टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांच्या पत्रव्यवहारावरचा लेख वाचला. मराठी ओघवते आहे, पण अनुवाद कोणत्या पाठावरून केला ते कुठेच दिलेले नाही, आणि घोटाळा तिथेच आहे.

हिगिन्सन यांनी 'अटलांटिक मंथली' या अमेरिकन मासिकाच्या ऑक्टोबर १८९१ च्या अंकात डिकिन्सनची ही पत्रे छापली, तेव्हा विरामचिन्हे रूढ पद्धतीने बदलली. तसे त्यांनीच त्या लेखात नोंदवले आहे. तो पाठ आता स्वामित्वहक्कातून मुक्त असल्याने इंटरनेटवर चटकन सापडतो आणि तोच मराठीत उतरतो. पहिल्याच पत्रातले वाक्य बघा. मूळ असे : 'मन स्वतःच्या इतके जवळ – त्याला दिसत नाही, स्पष्ट – आणि विचारावे असे मला कोणी नाही –'. १८९१ च्या छपाईत यातले डॅश गेले, एक स्वल्पविराम आला, शेवटी पूर्णविराम पडला. अडखळत, दम घेत बोलणारी बाई एकदम शाळेतल्या निबंधासारखे बोलू लागली.

हस्तलिखिताबरहुकूम पाठ हवा असेल तर जॉन्सन आणि वॉर्ड यांनी संपादित केलेले पत्रांचे १९५८ चे तीन खंड आहेत, २०२४ ची मिलर आणि मिचेल यांची आवृत्तीही आहे. हिगिन्सनना आलेली मूळ पत्रे बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. अनुवादात डॅश डॅशच ठेवावा. त्याच्या जागी 'कारण', 'म्हणून' घातले की तिने न सांगितलेला कार्यकारणभाव आपण तिच्या तोंडी घालतो. शिवाय प्रत्येक उताऱ्यापुढे आवृत्ती आणि पत्रक्रमांक द्यावा. जॉन्सनच्या क्रमाने हे पहिले पत्र २६० वे.

तारखांचेही तसेच. डिकिन्सन पत्रावर तारीख क्वचितच घाली. पहिल्या पत्राची १५ एप्रिल १८६२ ही तारीख टपालाच्या शिक्क्यामुळे कळते. इतर बऱ्याच पत्रांचा काळ संपादकांनी कागद आणि हस्ताक्षर पाहून ठरवला आहे : तिची जोडून लिहिलेली अक्षरे वर्षागणिक सुटी होत गेली, आणि साधारण १८७८ नंतर शाईऐवजी बहुधा शिसपेन आली. अशा तारखेआधी 'अंदाजे' हवेच.

'कविता छापण्याजोग्या नाहीत, असे हिगिन्सन यांनी कळवले' हे लेखातले विधान तर पुराव्याबाहेरचे. त्यांची १८६२ ची पत्रे उरलेली नाहीत. ७ जूनच्या उत्तरात ती म्हणते की तुम्ही छापणे लांबवायला सुचवता याचे हसू येते. आपल्या हाती आहे ते एवढेच. तिची उत्तरेही जशीच्या तशी धरून चालत नाहीत. त्यांनी वय विचारले, तर २५ एप्रिलला ती लिहिते की या हिवाळ्यापर्यंत एखाददुसरीच कविता केली होती. वय ३१, आणि अभ्यासकांच्या कालनिश्चितीप्रमाणे तोवर दोनशेहून अधिक कविता लिहून झाल्या होत्या!

आणखी एक. पहिल्या पत्राखाली सही नव्हती. नाव एका कार्डावर, तेही शिसपेनने लिहून, आतल्या छोट्या पाकिटात वेगळे ठेवले होते. पुरवणीत मात्र पत्राखाली ठळक टायपात पूर्ण नाव छापले आहे.

– एक वाचक, नाशिक