काका, तो अठराचा आकडा आठवतो का?

काका,

सलाम.

हे पत्र तुमची सून मोबाईलवर वाचून दाखवील आणि तुम्ही अर्ध्यात "पुरे गो, भात बघ" म्हणाल, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच चार लोकांसमोर लिहितोय. समोरासमोर आभार मानू दिले असतेत तर ही वेळ आली नसती. तुमचं नाव घालत नाही. दापोली-हर्णै पट्ट्यात ज्यांना कळायचं त्यांना ते न घालताही कळेल.

मुंबईहून ख्रिस्ती सेवेचं प्रशिक्षण संपवून मी आलो तेव्हा माझ्या बॅगेत एक फाईल होती. पुढच्या पाच वर्षांचा तक्ता: कुठल्या वर्षी किती घरसभा, किती बाप्तिस्मे, किती नव्या मंडळ्या (म्हणजे चर्च). तुम्ही चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचलात आणि विचारलंत, "ह्यात तुझा रकाना कुठाय?" मला वाटलं, पगाराचं विचारताय. तक्त्याच्या तळाशी तोही होता, मी बोट ठेवून दाखवला. तुम्ही हसलात आणि काकूंना चहा टाकायला सांगितलात. तुम्ही काय विचारलं होतंत ते कळायला मला वर्ष लागलं.

आता अठराचा आकडा. वर्गणी पाठवणाऱ्या संस्थेला सहा महिन्यांचा अहवाल द्यायचा होता. रविवारी माणसं येत होती अठरा, त्यातली पाच पोरं बिस्किटांसाठी. मी लिहिलं पंचेचाळीस आणि फोटो लावला नाताळचा, ज्यात शेजारची अख्खी वाडी करंज्या खायला आलेली. तुम्ही तो अहवाल पाहिलात. ओरडला असतात तर मी उलट उत्तर तयार ठेवलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्या सकाळी ये, दोघं मिळून पत्र लिहू." दुसऱ्या दिवशी तुमच्या पडवीत बसून मी लिहिलं, "मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. माणसं अठरा आहेत." पुढच्या तिमाहीपासून पैसे निम्मे झाले.

तेव्हा तुम्ही मला टिळकांबद्दल सांगितलंत. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातले, करजगावचे. १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून 'देवाचा दरबार' हा येशूच्या अनुयायांचा बंधुसंघ काढला. ऐकून मी भारावलो, म्हटलं मीही सगळं सोडतो. तुम्ही म्हणालात, "तू टिळक नाहीस. तू आधी दुकानातली उधारी फेड." आणि मला रोजंदारीवर नर्सरीत घेऊन गेलात, जिथे तुम्ही स्वतः पंचवीस वर्षं कलमं बांधत होतात. बायबलातला प्रेषित पौल करिंथात तंबू शिवायचा हे मी परीक्षेत लिहून आलो होतो, पण तंबू शिवून बोटं दुखत असतील हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ऑगस्ट होता, कोय कलमांचे दिवस. तांबूस पानांची पंधरा दिवसांची रोपं कोयीसकट उचलायची, शेंडा छाटायचा, दांड्याला मधोमध काप द्यायचा, हापूसच्या काडीला पाचरीसारखं टोक करून त्यात बसवायचं आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. माझे काप तिरके जायचे. तुम्ही माझी वीसेक कलमं न बोलता सोडून पुन्हा बांधलीत. जुनी कलमं बघताना तुम्ही जोडाच्या खाली फुटलेले धुमारे नखाने खुडत होतात. ते ठेवले तर खालचा रायवळच वाढत जातो आणि वरचा हापूस मरतो, असं सांगितलंत. मी लगेच म्हटलं, "काका, हा तर आपला जुना मनुष्य, पौल म्हणतो तो पूर्वीचा पापी स्वभाव!" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "सगळ्याचा संदेश करू नको रे. अजून दोनशे बांधायचीत." (रविवारच्या उपासनेत मी तो संदेश दिलाच. तुम्ही शेवटच्या रांगेत डोळे मिटून बसला होतात. प्रार्थनेत होतात की झोपेत, हे मी अजून विचारलेलं नाही.)

तुम्हीच उपासनेची वेळ बंदराच्या वेळापत्रकाला बांधलीत. होड्या लागल्या, हर्णैला मासळीचा लिलाव सुरू झाला की आपल्या बायका पाट्या घेऊन तिथे असणार. मी शहरातल्यासारखा सकाळी नऊचा हट्ट धरून बसलो होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, माणसं घरी, म्हणून मी त्या दोन महिन्यांत रोज सभा ठेवायला निघालो. तुम्ही म्हणालात, ते दिवस जाळी सांधायचे, जाऊन त्यांच्याबरोबर सांधायला बस. बसलो. पहिला महिनाभर मला एकानेही देवाबद्दल विचारलं नाही. दुसऱ्या महिन्यात एका खलाशाने विचारलं, तेही बायको आजारी होती म्हणून. आज तो आपल्या मंडळीचा वडील, म्हणजे पुढारी, आहे.

पण मला खरं लिहायचंय ते दाभोळच्या फेरीबोटीबद्दल.

माझ्याबरोबर आलेला सोबती मध्येच सोडून गेला होता. वर्षाने परत यायचं म्हणाला तेव्हा मी साफ नाही म्हटलं. तुम्ही बायबलातल्या मार्काची गोष्ट काढणार हे मी धरूनच होतो. तो पौलाबरोबर निघून मध्येच पंफुल्यातून परतला, पौलाने त्याला पुन्हा नेलं नाही, त्यावरून पौलाचं सहकारी बर्णबाशी फाटलं, आणि शेवटी तुरुंगातून पौलानेच लिहिलं की मार्काला घेऊन ये. ही गोष्ट मीच दोनदा सांगितलेली. तुम्ही ती काढलीच नाहीत. म्हणालात, "शनिवारी माझ्याबरोबर गुहागराकडे चल."

पावसात आपण दाभोळला एसटीने उतरलो, फेरीबोटीने धोपाव्याला गेलो. बोटीवर तुम्ही सांगितलंत की तुमच्या एका जुन्या सहकाऱ्याशी मंडळीच्या हिशोबावरून वाद झाला होता, तुम्ही भर सभेत त्याला चोर म्हणाला होतात, आणि नंतर कळलं की चूक बेरजेत होती. बारा वर्षं झाली होती. "मी त्याच्यावर रागावलो नव्हतो," तुम्ही म्हणालात, "माझी लाज वाचवत होतो." त्या घराच्या पायरीवर तुम्ही छत्री मिटलीत, ती पायाशी गळत होती. दार उघडल्यावर तुम्ही आत पाऊल न टाकताच म्हणालात, "माझं चुकलं होतं. सभेत बोललो, म्हणून सभेत येऊनही सांगेन." तो माणूस बराच वेळ छत्रीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "चहा कोरा घेता ना अजून?"

परतताना तुम्ही मला काही शिकवलं नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सोबत्याला फोन केला.

बायबलात तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पुढाऱ्याच्या गुणांची यादी आहे. नेमस्त, सौम्य, भांडखोर नसावा, पैशाचा लोभी नसावा, नवशिका नसावा. आम्हाला ती पाठ होती. बाहेरच्यांनीही त्याच्याबद्दल बरं बोलावं, हे त्या यादीत शेवटी येतं आणि आम्ही ते घाईत म्हणून टाकायचो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, माड-पोफळी आडव्या झाल्या, तुमच्याही घराची अर्धी कौलं उडाली. मुंबईहून ताडपत्र्या आल्या तेव्हा पहिली तुम्ही त्या शेजाऱ्याकडे नेलीत, ज्याने आपल्या घरसभेविरुद्ध ग्रामपंचायतीत अर्ज दिला होता. मी खिशात सुवार्तेची पत्रकं घेतली होती. तुम्ही फक्त खिशाकडे पाहिलंत, मी ती तिथेच ठेवली. तो अजूनही आपल्या सभेला येत नाही. पण गेल्या वर्षी तुम्ही आजारी पडलात तेव्हा दापोलीपर्यंत रिक्षा त्यानेच काढली.

एक तक्रारही लिहून ठेवतो. त्याच यादीत 'अतिथिप्रिय' हा शब्द आहे आणि तो तुमच्या नावावर जमा झालाय, पण भाकऱ्या काकूंनी भाजल्या. रात्री दहाला तुम्ही तीन माणसं घेऊन यायचात आणि "काहीतरी कर" म्हणायचात. तेव्हा निम्मे आभार त्यांचे. हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवावं, ही सुनेला विनंती.

पौल इफिसात तीन वर्षं राहिला, मग मंडळी वडिलांच्या हाती देऊन निघाला. तुम्हीही दोन वडील उभे राहिल्यावर पुढची खुर्ची सोडलीत. मला वाटलं, मागे बसून सूत्रं हलवाल. तुम्ही तर सभेनंतर कपबशा विसळायला मोरीवर जाता. मला अजून हे जमत नाही. मागच्या महिन्यात मी नसताना सभा छान झाली हे ऐकून मला जरा लागलंच. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "लागणारच. धुमारा आहे." म्हणजे तो संदेश तुम्ही ऐकला होतात!

मृगाच्या आधी तुमच्या मागच्या पडवीची कौलं चाळायची आहेत, वळचणीकडची चारपाच फुटलीत. मंगळवारी सोबत्याला घेऊन येतो, शिडी आमची. तुम्ही वर चढायचं नाही.

तुमचा,
अठरा माणसांवाला