दुसरा कीबोर्ड

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहितो. साठवलेले सगळे पैसे यामाहाच्या जेनोस २ कीबोर्डमध्ये घालायचे म्हणतेस. वाद्य अप्रतिम आहे, आवाज ऐकून मीही हरखलो होतो. पण त्याला ७६ पट्ट्या, अंगचे स्पीकर नाहीत, आणि तुझं निम्मं काम लोकलने फिरून कार्यक्रमांत वाजवायचं. शिवाय तो घेतलास तर दुसऱ्या, राखीव कीबोर्डला पैसे उरत नाहीत. माझा जीव तिथे अडकतो.

गिरगावातल्या एका चाळीतला नवरात्रीचा कार्यक्रम मी विसरलेलो नाही. गाणाऱ्या ताईंनी अंतरा उचलला आणि माझ्या कीबोर्डचा डिस्प्ले काळा पडला. ढोलकीवाल्याने ठेका सोडला नाही, म्हणून गाणं तरलं. कुणीतरी धावत जाऊन कीबोर्ड आणला, तो निघाला दुसऱ्या कंपनीचा. ताईंची गायची पट्टी पांढरी पाच. मी सूर वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण शोधतोय, त्या माझ्याकडे बघताहेत, आणि माझ्या तळहाताला घाम. माझे ठेके, माझी रजिस्ट्रेशन्स (गाण्यागणिक जुळवून ठेवलेले आवाज आणि सेटिंग), सगळं पेनड्राइव्हवर होतं. त्या वाद्याला त्यातलं काहीच वाचता येईना.

म्हणून सांगतो, दोन्ही कीबोर्ड एकाच घरातले, एकाच कंपनीचे घे. मुख्य यामाहाचा पीएसआर-एसएक्स९२०, जोडीला एसएक्स७२०. दोन्ही २०२४ चे, दोन्हींना ६१ पट्ट्या, बटणंही बहुतेक त्याच जागी. अंधारातसुद्धा बोट चुकणार नाही. कॉर्गचा पीए१००० तुला आवडतो हे ठाऊक आहे. तो घ्यायचा तर जोडीला पीए७०० घे, पण यामाहा आणि कॉर्ग अशी मोट बांधू नकोस. एक लक्षात ठेव, ७२० मध्ये एक्स्पान्शनची, म्हणजे बाहेरचे आवाज भरायची, जागा कमी आहे. तबला-ढोलकीचे जे आवाज स्टेजवर लागतात तेवढेच निवड, आणि ते दोन्हीकडे सारखे भर. महिन्यातला एक कार्यक्रम मुद्दाम ७२० वरच वाजव.

स्टुडिओत मात्र ९२० च ने. ऑडिओबरोबर मिडीसुद्धा (कोणती पट्टी कधी दाबली याची नोंद) रेकॉर्ड करत जा. स्टाइलचे, म्हणजे कीबोर्डच्या तयार साथीचे, आठ भाग असतात: दोन ऱ्हिदम, बेस, दोन कॉर्ड, पॅड, दोन फ्रेज. ते वेगवेगळ्या ट्रॅकवर असले की गायकाने दुसऱ्या दिवशी पट्टी बदलली तरी सगळं पुन्हा वाजवावं लागत नाही. कीबोर्डचा रिव्हर्ब (घुमारा) बंद ठेव, तो मिक्सिंगवाल्याला घालू दे.

मंडपात जनरेटरची वीज क्षणभर गेली तरी कीबोर्ड पुन्हा सुरू व्हायला वेळ खातो. छोटा यूपीएस मी घेऊन देतो, त्याचे पैसे तू द्यायचे नाहीत.

रविवारी धोबी तलावला वाद्यांच्या दुकानात भेटू. तुझा पेनड्राइव्ह आणि हेडफोन आण. दोन्ही वाद्यं शेजारी मांडायला सांगू, एकावर केलेलं रजिस्ट्रेशन दुसऱ्यावर उघडून बघू, मगच पैसे देऊ. आई डबा देणार आहे, उपाशी निघालीस तरी चालेल.

तुझा,
बाबा