हळद्या-गेरूचं घर

पेनरिथ, सिडनी
१४ ऑगस्ट

तीर्थरूप आप्पांस,
सुमाचा साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "सरड्याला कसली गं पेटी?" आणि तेवढ्यात रेंज गेली. म्हणून सगळं लिहूनच पाठवते. फोनवर मापं सांगून होत नाहीत, आणि मापं कळल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही.

आधी प्राणी कसा ते सांगते. इथे त्याला बीयर्डेड ड्रॅगन म्हणतात, म्हणजे दाढीवाला. आपल्या परसातल्या सरड्याच्याच कुळातला, पण अंगाने थोराड, शेपटीसकट दीड-पावणेदोन फूट भरतो. गळ्याखाली काट्याकाट्यांची पिशवी असते. बिथरला की ती फुगवतो आणि काळी करतो. डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो, तो त्याचा तिसरा डोळा. त्या डोळ्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली तेवढी कळते. वरून घार आली की सावली पडते, म्हणून आमचाही हात वरून आला तर तो दचकतो. चिनूला मी पहिल्याच दिवशी शिकवलं, हात नेहमी बाजूने, खालून न्यायचा.

गेल्या वर्षी आम्ही ब्रोकन हिलला गेलो होतो, इथून हजार किलोमीटरच्या वर आत, लाल मातीच्या मुलखात. तिथे रस्त्याच्या कडेला कुंपणाच्या एका खांबावर असाच एक बसला होता. सकाळी थंडीत अंग काळपट, ऊन शोषून घेण्यासाठी. तासाभराने परत आलो तर तोच, पण रंग फिका पडलेला आणि तोंड उघडं, जास्तीची उष्णता बाहेर टाकायला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं आपण म्हणतो. मी तो खरंच कुंपणावर पाहिला आणि बराच वेळ तिथून हलले नाही. रानातला उचलून आणायला कायद्याने बंदी आहे. घरी पाळायचा तर परवाना काढावा लागतो, आणि परवानाधारकाकडूनच घ्यावा लागतो. आमचे दोघे तसेच आले, एकाच विणीतले भाऊ. पिवळसर तो हळद्या, तांबूस तो गेरू.

आता चूक सांगते, कारण ती माझीच होती. पहिले सहा महिने दोघांना एका जुन्या काचेच्या टाकीत ठेवलं. दोघं दिव्याखाली एकमेकांच्या पाठीवर चढून बसायचे. आम्हाला वाटायचं, काय माया आहे भावाभावांत! तो फोटो तुम्हालाही पाठवला होता. पुढे हळद्या वाळत चालला. एका सकाळी पाहिलं तर त्याचे मागचे पाय थरथरत होते आणि पायाच्या एका बोटाचं टोक तुटलेलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. हाडं मऊ पडली होती.

डॉक्टरांनी दोन कारणं सांगितली. वर बसणारा माया करत नसतो, खालच्याचं ऊन अडवत असतो. हे एकटे राहणारे प्राणी, दोन नर तर एका पेटीत ठेवायचेच नाहीत. आणि दुसरं, उन्हातल्या ज्या अतिनील किरणांनी त्यांच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं आणि कॅल्शियम हाडांत मुरतं, ती किरणं काचेतून पार होत नाहीत. मी खास ट्यूब आणली होती, पैसे मोजले होते, आणि ती टाकीच्या काचेच्या झाकणावर ठेवली होती! सहा महिने ट्यूब जळत होती आणि त्या दोघांपर्यंत त्यातलं उपयोगाचं काही पोचत नव्हतं. आप्पा, त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग ठरवलं, पेटी आपणच करायची. दोन मजली, प्रत्येकाला स्वतंत्र खण, आतून १२०० बाय ६०० मिलिमीटरच्या आसपास आणि उंची ६००. प्लायवूड १७ मिलिमीटरचं घेतलं. इथे त्याची शीट २४०० बाय १२०० ची मिळते. त्यात १२०० बाय ६०० चे चार तुकडे बसतात: तळ, छत, पाठ, आणि चौथ्याचे दोन केले की दोन बाजू. एका शीटमध्ये एक खण! हिशोब जुळला तेव्हा तुमची आठवण आली, तुम्ही विडीच्या पाकिटावर असाच कापणीचा नकाशा काढायचात. करवतीचं पातं दर कापाला तीन मिलिमीटर खातं हे धरून चालले. पाठ तळ-छताच्या मध्ये बसवली, म्हणून बाजू १७ मिलिमीटरने अरुंद केल्या. पुढची चौकट पाइनच्या पट्ट्यांची. देवदार-सिडारच्या जातीचं लाकूड मात्र चालत नाही, त्याच्या वासाच्या तेलाने यांना त्रास होतो.

कर्ण मोजायला मी विसरले नाही. पहिल्या खणाचे दोन कर्ण सहा मिलिमीटरनी वेगळे आले. तुम्ही असतात तर "उकल" एवढंच म्हणाला असतात. मी स्क्रू उकलले, कोपऱ्यात गुण्या धरून परत आवळले. दुसऱ्या खेपेला काच खाचेत अशी सरकली की चिनूने दहा वेळा उघड-बंद करून पाहिली.

आतून पाण्यातलं पॉलियुरेथेन तीन हात दिलं, सांध्यांना सिलिकॉन भरलं, आणि वास पूर्ण जाईपर्यंत तीन आठवडे गॅरेजमध्ये उघडी ठेवली. हवेसाठी थंड बाजूला खाली आणि गरम बाजूला वर जाळी. गरम हवा वरून निघते, गार खालून आत येते. दोन खणांच्या मधे चार बोटं जागा सोडली, नाहीतर खालच्याच्या दिव्याने वरच्याची फरशी तापायची. दोघं एकमेकांना दिसू नयेत म्हणून पेटीला बाजूने काच दिलीच नाही.

विजेचं काम मी केलं नाही. इथे घरातली वायरिंग परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियननेच करायची असा कायदा आहे, मला तो पटतो. होल्डर चिनीमातीचे आहेत, प्लास्टिकचे वितळतात. दिव्याभोवती तारेची जाळी. हॅलोजन एका टोकाला, त्याखाली शेवाळी रंगाच्या फरशीचा तुकडा. तिथे ४० ते ४२ अंश, आणि दुसऱ्या टोकाला २५ च्या आसपास. एकाच खणात उन्हाळा आणि सावली, कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवतो. ट्यूब आता आतच आहे, छताला, सरड्याच्या पाठीपासून फूटभर अंतरावर, मधे काच नाही. ती दिसायला जळत राहिली तरी तिच्यातली ती किरणं हळूहळू कमी होतात, म्हणून वर्षाने बदलायची. तारीख मी पेटीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून ठेवली आहे, तुम्ही दारांच्या मागे लिहायचात तशी.

हळद्या आता बरा आहे. औषध अजून चालू आहे. तुटलेलं बोट काही परत येणार नाही, पण पाय थरथरत नाहीत. काल तो पहिल्यांदा फरशीवर चढून हात गोल फिरवत होता, जसा कोणी लांबून हात करतो. हे त्यांचं माघार घेणं असतं, पण समोर गेरू नव्हता, काचेत स्वतःचंच प्रतिबिंब होतं. संध्याकाळी मी त्या काचेसमोरचा दिवा हलवला.

आईला सांगा, पेटी स्वयंपाकघरापासून लांब आहे आणि हात लावला की आम्ही साबणाने धुतो. सरड्यांच्या खाण्यासाठी आणलेल्या रातकिड्यांचा डबा मात्र दिवाणखान्यात आहे. रात्री त्यातून किरकिर ऐकू येते आणि पावसाळ्यात आपल्या पडवीत निजल्यासारखं वाटतं.

दिवाळीनंतर याल तेव्हा तुमचा लहान रंधा आणाल का? पेटीच्या दाराची खालची पट्टी किंचित फुगली आहे, इथल्या यांत्रिक रंध्याने मला ती नीट साधत नाही. तुमच्या रंध्याचं अंग लाकडी आहे, म्हणून विमानात मिळणाऱ्या कार्डावर लाकडी वस्तूच्या प्रश्नाला "हो" लिहा, आणि त्यातला जुना भुसा ब्रशने साफ करून आणा. विमानतळावर तपासतील, साफ असला तर परत देतील. पट्टी मी तोपर्यंत तशीच ठेवते.

चिनूचा तुम्हा दोघांना नमस्कार.

तुमची,
सुमा