एका खेळाडूच्या संघाचीही बातमी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पॅरालिम्पिक सुरू झाली की आपल्या क्रीडा पानावर पदकतालिका येते. वरचे दहा देश आणि भारत कितवा, एवढ्यावर ती संपते. खाली राहून गेलेल्या अशाच एका देशाविषयी लिहितो आहे.

२०१२च्या लंडन पॅरालिम्पिकला फिजीने एकच खेळाडू पाठवला होता, इलिएसा डेलाना. वयाच्या तिसऱ्या वर्षी बसच्या अपघातात त्याचा एक पाय गेला. उंच उडीच्या अंतिम फेरीत समोर आपला गिरीशा नागराजेगौडा होता. दोघांनीही १.७४ मीटर पार केले. उंची सारखी ठरली की कोणाचे प्रयत्न कमी फसले ते बघतात. त्यावर डेलानाला सुवर्ण मिळालं, गिरीशाला रौप्य. भारताचं त्या स्पर्धेतलं ते एकमेव पदक, त्यामुळे गिरीशाचं नाव आपल्याकडे छापून आलं. त्याच्या पुढे कोण होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं, तेही पुतण्यामुळे.

पुतण्याचा पाय गुडघ्यापासून गेलेला आहे. त्यानेच मला ती उडी मोबाइलवर दाखवली. डेलाना कृत्रिम पाय लावत नाही. कुबडी बाजूला ठेवतो आणि आपण अंगणात घालायचो तशी लंगडी घालत थेट दांडीकडे येतो. पोराने ती उडी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिली. "काका, याचा तोल कसा जात नाही?" एवढंच विचारलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर गेला.

जेमतेम नऊ लाख वस्तीच्या फिजीचं ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक मिळून ते पहिलंच पदक. ज्या रग्बीसाठी तो देश ओळखला जातो, तिचं ऑलिम्पिक सुवर्ण २०१६ साली आलं, म्हणजे डेलानानंतर चार वर्षांनी. फिजीने त्याच्या उडीचं चित्र ५० सेंटच्या नाण्यावर घातलं. २०१४ मध्ये तो युवक व क्रीडा खात्याचा सहायक मंत्री झाला.

हे वाचताना मुरलीकांत पेटकर आठवतात. सांगली जिल्ह्यातला हा माणूस १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण जिंकला आणि पद्मश्री मिळाली २०१८ साली. ४६ वर्षं! याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्याकडच्या एका स्पर्धेत पुतण्याला सांगण्यात आलं, "या गटात उंच उडी ठेवत नाही, कोणी येतच नाही." अहो, कोणी उडी मारतो हे पोरांना दिसलं तर येतील ना! २०२८ला लॉस एंजेलिसची पॅरालिम्पिक आहे. तेव्हा रोज एक चौकट एक-दोन खेळाडूंच्या चिमुकल्या संघांसाठी राखून ठेवा, ही कळकळीची विनंती. कात्रण काढून मैदानाच्या फलकावर लावायचं काम माझं.

आपला,
एक वाचक, सातारा