येरवड्याच्या मैदानावर एक दगड बसवा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी येरवड्यात राहतो. लोहगावची विमानं दिवसभर आमच्या डोक्यावरून जातात. पण येरवडा आणि विमान ही सोयरीक लोहगावच्याही आधीची.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, हे शाळेतली पोरंही सांगतील. तेव्हाचं जुहू म्हणजे समुद्राकाठचं चिखलाचं मैदान आणि झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. पावसाळा लागला की तिथे पाणीच पाणी. मग विमानं, वैमानिक, मेकॅनिक असं सगळं बिऱ्हाड पुण्याला हलायचं आणि टपाल उडायचं ते येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या मैदानावरून. जेआरडी स्वतः हा किस्सा मिश्कीलपणे सांगत. येरवडा तेव्हा नदीपलीकडचं खेडं.

विमान तरी केवढं? पुस मॉथ, एका इंजिनाचं, कापडाने मढवलेलं. रेडिओ नाही. खालचे रूळ नि नद्या ओळखत जायचं. जुलैच्या ढगात रूळच दिसेनासे झाले तर काय करत असतील, देव जाणे, कारण वाटेत सह्याद्री आडवा. तरी 10 ऑक्टोबर 1933 रोजी वर्षभराचा हिशेब लागला तेव्हा एकही खेप उशिरा नव्हती. घाटावरच्या पावसाचा खास उल्लेख करून सरकारी अहवालाने या सेवेची पाठ थोपटली. सरकार तेव्हा इंग्रजांचं होतं, हेही सांगून ठेवतो!

त्याच पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, गांधीजी काही दिवस याच तुरुंगात होते. इंजिनाची घरघर त्यांच्या कोठडीपर्यंत जात असेल का, असं मला उगाच वाटत राहतं.

साहेब, पुतळा नको, संग्रहालय नको, कोटींचा आराखडा तर नकोच. भूमी अभिलेखाचं मुख्य कार्यालय पुण्यातच आहे. तिथले जुने नकाशे काढायला लावा, मैदानाची हद्द ठरवा आणि तिथे मराठीत चार ओळी कोरलेला एक दगड बसवा. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल एवढ्या उंचीवर.

अनावरण मात्र जुलैतच ठेवा. छत्र्या आम्ही आणतो.

आपला नम्र,
येरवड्याचा एक रहिवासी