वॉटरलूच्या आजींचे आभार

त्रिनिदादमधील वॉटरलू येथे समुद्रातले मंदिर पाहायला गेलो असता माझ्या आईला उन्हाने भोवळ आली, तेव्हा एका अनोळखी आजींनी तिच्यावर स्वतःची छत्री धरली, ओल्या रुमालाने तिचे कपाळ पुसले आणि नातवाला गाडी आणायला पिटाळले. आईचे लक्ष दुसरीकडे वळावे म्हणूनच बहुधा, आजी समुद्रात मंदिर उभारणाऱ्या सिवदास साधूंविषयी सांगत राहिल्या. साखर कंपनीच्या जमिनीवरचे त्यांचे आधीचे मंदिर १९५२ मध्ये, ब्रिटिश अमदानीतच, पाडले गेले, तुरुंगवासही घडला. मग जमीन नको म्हणून त्यांनी समुद्रातच भराव घातला. सायकलवरून दगड वाहणारे साधू आजींनी लहानपणी पाहिले होते. नातवाने आम्हाला मुक्कामी सोडले, पेट्रोलचे पैसे मात्र घेतले नाहीत. नाव सांगायचे हसून टाळणाऱ्या आजींचे आणि त्याचे मनःपूर्वक आभार.